भिंतीला पोट सुटतं तेव्हा

तळघराच्या भिंतीला आडवी भेग दिसली की पहिला संशय वरच्या मजल्यांवर जातो. पण ते ओझं बहुतेक वेळा निर्दोष असतं. उलट त्याने भिंत दाबून धरलेली राहते आणि सहजी वाकत नाही. खरा रेटा बाहेरून येतो, मातीचा आणि त्या मातीत साचलेल्या पाण्याचा. भिंतीमागे २.४ मीटर उंच पाणी साचलं, तर नुसत्या पाण्याचाच रेटा भिंतीच्या दर मीटर लांबीमागे सुमारे २.९ टन भरतो. त्यात चिकणमाती भिजली की फुगते, आणि थंड प्रदेशात मातीतलं पाणी गोठलं की आणखी जोर लावतं.

भिंत खाली तळघराच्या फरशीने आणि वर मजल्याच्या तुळयांनी धरलेली असते. मधल्या भागाला मात्र कुणाचाच आधार नसतो, म्हणून तो आत झुकतो. भिंतीला पोट सुटतं. तिची मातीकडची बाजू दाबली जाते आणि खोलीकडची ताणली जाते. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण मात्र त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतका. ब्लॉकच्या भिंतीतले सिमेंटचे सांधे त्याहून कच्चे. म्हणूनच भेग बहुधा मध्याच्या आसपास, एखाद्या सांध्यातून आडवी धावते.

जिथे ताण, तिथेच कार्बन फायबरची उभी पट्टी चिकटवायची, इतका हा उपाय सरळ आहे. या फायबरचा एकेक धागा सुमारे ७ मायक्रॉन जाड, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा. ताण सोसण्यात तो साध्या पोलादाच्या कित्येक पट सरस, आणि वजन पोलादाच्या पाव हिश्श्याहूनही कमी. १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नजवळचा इबाख पूल अशाच पट्ट्यांनी दुरुस्त झाला. जिथे १७५ किलो पोलाद लागलं असतं, तिथे ६.२ किलो पट्ट्यांत काम झालं.

पण माझ्या मते सगळं लक्ष फायबरच्या ताकदीकडे लागतं, ही मोठी चूक आहे. पट्टी भिंतीला धरते ती इपॉक्सी या कडक होणाऱ्या गोंदाच्या पातळ थराने, आणि तो थर धरतो भिंतीचा वरचा काही मिलिमीटरांचा पापुद्रा. तिथे जुना रंग, धूळ किंवा ओल राहिली तर पट्टी रंगाला चिकटते, भिंतीला नाही. म्हणून आधी ग्राइंडरने घासून कोरं काँक्रीट उघडं करायचं, धूळ ओढून घ्यायची, भेगा भरायच्या. मग इपॉक्सी लावून पट्टी बसवायची आणि रोलरने दाबून आतली हवा बाहेर काढायची. सुकल्यावर ती टिचकीने वाजवून पाहतात. पोकळ आवाज आला की तिथे हवा अडकलेली. काम पारखण्याची आणखी एक चाचणी मला फार आवडते. पृष्ठभागावर धातूची चकती चिकटवून ती उपटायची. चकतीच्या पाठीला काँक्रीटचा तुकडा चिकटून आला, तर जोड पक्का. गोंद भिंतीपेक्षा बळकट ठरला.

पट्टी भिंतीला मागे ढकलत नाही, पुढे वाकण्यापासून अडवते. त्यामुळे फुगवटा साधारण ५ सेंटीमीटरपर्यंत असेल तोवरच सहसा ती सुचवतात. त्यापुढे पोलादी खांब लावणं किंवा बाहेरून माती खणणं आलंच. भिंत तळाशी आत सरकत असेल तर मधल्या पट्टीचा उपयोग नाही. वरचं आणि खालचं टोकही पक्कं बांधावं लागतं. आणि पट्टीने पाणी अडत नाही. छताचं पाणी भिंतीपासून दूर सोडणं आणि जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार देणं, ही कामं पट्टीइतकीच महत्त्वाची आहेत. त्यांत हयगय नको.

दुरुस्तीआधी ओळंबा जरूर सोडून पाहा. वरून वजन बांधलेली दोरी सोडून दर अर्ध्या फुटावर दोरी आणि भिंत यांतलं अंतर मोजायचं, आणि आकडा तारखेसकट भिंतीवरच पेन्सिलने लिहायचा. भेगेच्या दोन्ही टोकांवरही खूण करायची. पावसाळ्यानंतर त्याच जागी पुन्हा ओळंबा सोडला की भिंत थांबली आहे की सरकते आहे, ते आकडेच दाखवतात.