लाह्यांच्या मक्याची वाणसुधारणा

लाह्यांचा मका (झीया मेज एव्हर्टा) हा कठीण दाण्याच्या मक्याचाच लहान दाण्याचा प्रकार असून, उत्पादन व रोगप्रतिकारशक्ती वाढवताना दाण्याचा फुलण्याचा गुण टिकवणे हा त्याच्या वाणसुधारणेतील कळीचा प्रश्न आहे. नाशिक जिल्ह्यात मालेगाव, येवला, चांदवड, सटाणा या भागांत मका हे खरिपाचे मोठे पीक आहे. मात्र तो मुख्यतः कोंबडीखाद्य व स्टार्चसाठी जाणारा मका असतो आणि लाह्यांचा मका त्याच्या शेजारी उपराच ठरतो.

दाण्यात सुमारे 13.5 ते 14 टक्के ओलावा असला आणि साल अखंड असली, की साधारण 180 अंश सेल्सियसला आतील वाफेचा दाब साल फोडतो आणि दाण्यातील कठीण, स्टार्चचा भाग फुलून लाही होते. लाहीचा फुलार मोजताना एक ग्रॅम दाण्यापासून किती घन सेंटिमीटर लाह्या झाल्या हे पाहतात. चांगल्या संकरित वाणांत हा आकडा 40 च्या वर जातो. अडचण अशी की फुलार आणि उत्पादन यांचे सहसा व्यस्त नाते असते. दाणा मोठा व पिठूळ झाला की कणसाचे वजन वाढते, पण लाही कमी फुलते. भडभुंज्याच्या कढईत न फुटता तळाशी राहणारे ‘गणंग’ हेच पैदासकाराच्या चुकीचे सर्वांत प्रामाणिक मोजमाप होय.

लाह्यांच्या मक्याचा आनुवंशिक पाया अरुंद असल्याने जोम व प्रतिकारशक्ती साध्या मक्यातून आणावी लागते. येथे एक गंमत आहे. लाह्यांच्या मक्याच्या अनेक वाणांत चौथ्या गुणसूत्रावर असा घटक असतो, की कणसाचे केस साध्या मक्याचा पराग स्वीकारतच नाहीत. म्हणून संकरात साधा मका मादी आणि लाह्यांचा मका नर घेतात. पहिल्या पिढीत अर्धा वारसा साध्या मक्याचा असतो. लाह्यांच्या मक्याशी दोनदा प्रतिसंकर (संकरित संततीचा पुन्हा त्याच पालकाशी संकर) केला की तो सरासरी 12.5 टक्क्यांवर येतो आणि फुलार बराचसा परततो. देणारी बाजू नेहमी साध्या मक्याचीच असते असे मात्र नाही : टर्सिकम करप्याला (पानांवरील बुरशीजन्य रोगाला) रोखणारे ‘एचटी 1’ हे जनुक ज्या मोजक्या स्रोतांत प्रथम आढळले, त्यांत ‘लेडीफिंगर’ हा लाह्यांचाच वाण होता.

करपा, तांबेरा, खोडकुज व कणीसकुज हे निवडीच्या वेळी पाहिले जाणारे मुख्य रोग आहेत. रोग आपोआप येईल म्हणून थांबता येत नाही. तो मुद्दाम लावावा लागतो. मेडिस करप्यासाठी (हाही पानांवरील बुरशीजन्य रोग) ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेली बुरशी झाडाच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, टाकतात. काळ्या खोडकुजीसाठी बुरशी वाढवलेली दात कोरायची काडी, झाड फुलोऱ्यात आल्यावर, खोडाच्या खालच्या पेरात खुपसतात आणि काढणीच्या सुमारास खोड उभे चिरून काळा भाग किती पेरांपर्यंत चढला ते पाहून गुण देतात. लाह्यांच्या मक्याचे खोड मुळात बारीक असते. त्यामुळे खोडकुज लागली की झाड कणसासकट लोळते आणि कागदावरचे उत्पादन शेतातच राहते. या कारणाने खोडाच्या ताकदीला पानावरील डागांपेक्षा अधिक गुण द्यावेत, असे म्हणणे रास्त ठरते.

नाशिकच्या पीकपद्धतीत आणखी एक अट येते. खरिपाच्या मक्यामागे पुष्कळ शेतकरी उन्हाळ कांद्याची लागवड करतात, म्हणून उशिरा पक्व होणारा वाण कितीही उत्पादनक्षम असला तरी गैरसोयीचा ठरतो. लवकर पक्व होणाऱ्या वाणांची कणसे घाईने, कडक उष्णतेत वाळवली तर सालीला बारीक चिरा पडतात आणि वाफ निसटते. म्हणून ती बेताने सुकवावी लागतात.

भारतात ‘अंबर पॉपकॉर्न’, अल्मोडा येथील ‘व्ही. एल. अंबर पॉपकॉर्न’ व लुधियाना येथील ‘पर्ल पॉपकॉर्न’ हे वाण प्रचलित झाले. बियाण्यासाठी पेरा घेताना मात्र शेजारच्या मक्यापासून किमान 200 मीटर अंतर लागते. ज्या वाणात परागरोधक घटक नाही, त्याच्या कणसांवर साध्या मक्याचा पराग पडला तर त्याच हंगामातील दाणे मऊ होऊन फुलार घटतो. एवढे अंतर सलग मक्याच्या शिवारात सहसा मिळत नाही; अशा ठिकाणी पेरणीच तीन-चार आठवडे मागेपुढे करतात, म्हणजे शेजारच्या तुऱ्यांतून पराग सुटण्यापूर्वी किंवा तो झडून गेल्यावर केस बाहेर पडतात.