असाटीगवर तंबूच का? एका सरकत्या बेटाची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मुलगा किंवा मुलगी असलेली घरं नागपुरात आता गल्लोगल्ली सापडतात. आमची मुलगी मेरीलँडला असते. गेल्या उन्हाळ्यात तिच्यासोबत असाटीग बेटावर दोन रात्री तंबूत राहून आलो. परतल्यावर शेजारच्या काकूंनी फोटो पाहिले आणि म्हणाल्या, "काहून जी, एवढा मोठा समुद्रकिनारा अन् एक हॉटेल नाही तिथं?" प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर बेटाच्या इतिहासात आहे, आणि तिथे जाणाऱ्याने तो आधी समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

शाळेच्या भूगोलात आपण वाळूचा दांडा आणि खाजण शिकलो. असाटीग म्हणजे तेच, फक्त फार मोठं. किनाऱ्याला समांतर पडलेली सुमारे ६० किलोमीटरची वाळूची पट्टी, उत्तरेचा भाग मेरीलँडमध्ये आणि दक्षिणेचा व्हर्जिनियात. एका अंगाला अटलांटिक, दुसऱ्या अंगाला उथळ, शांत खाजण. वादळाचा पहिला मार हे बेट स्वतः खातं, म्हणून अशा बेटांना बॅरिअर आयलंड म्हणतात.

हे बेट एका जागी थांबत नाही. मोठ्या वादळात लाटा समुद्राकडची वाळू उचलून पलीकडे खाजणाच्या बाजूला नेऊन टाकतात. गोधडीची एक कड उचलून दुसऱ्या बाजूला टाकत राहावं, तसं अख्खं बेट हळूहळू मुख्य भूमीकडे सरकत जातं. सकाळी ओहोटीच्या वेळी पुळणीवर मला काळ्या चिखलाचा एक पट्टा दिसला. बोटांत धरला तर आपली कापसाची काळी माती पावसात चिकटते तसाच चिकट, आत गवताच्या जुन्या मुळ्या. अशी माती खाजणाकाठच्या दलदलीत तयार होते. एके काळी ती दलदल बेटाच्या पाठीमागे होती. बेट तिच्यावरून सरकून गेलं आणि ती समुद्राच्या तोंडाशी उघडी पडली. आपल्याकडे काळ्या जमिनीत घर बांधायचं तर मुरूम लागेपर्यंत खोदतात. इथे मात्र पायाखालची जमीनच चालती आहे.

ऑगस्ट १९३३ पर्यंत असाटीगचं उत्तर टोक ओशन सिटी या गावाच्या वाळूला जोडलेलं होतं. त्या महिन्यातल्या चक्रीवादळाने मधली वाळू फोडून समुद्राला वाट पाडली. बोटींना ती वाट सोयीची होती, म्हणून ती बुजू नये यासाठी दगडी बांध घातले गेले. या किनाऱ्यावर वाळू उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. बांधांनी ती अडवली. ओशन सिटीची पुळण रुंद झाली आणि असाटीगचं उत्तर टोक वाळूवाचून झिजत जवळपास अर्धा मैल पश्चिमेला सरकलं. एकेकाळी सलग असलेले ते दोन किनारे आज एका रेषेत नाहीत, हे नकाशावर सहज दिसतं. २००४ पासून बोटी वर्षातून साधारण दोनदा ती अडलेली वाळू उपसून असाटीगच्या बाजूला टाकतात.

यानंतरची गोष्ट नागपूरच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही, कारण 'लेआउट' हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. १९५० च्या दशकात मेरीलँडच्या भागात, सुमारे २४ किलोमीटरच्या पट्ट्यावर, 'ओशन बीच' नावाचं लेआउट पडलं. पाच हजारांच्या आसपास प्लॉट आखले गेले. बाल्टिमोर बुलेव्हार्ड नावाचा डांबरी रस्ता झाला, काही घरंही उभी राहिली. लोकांनी समुद्रासमोर घर असावं या स्वप्नापोटी पैसे गुंतवले होते. त्यांना दोष देववत नाही.

मग ६ मार्च १९६२ ला वादळ आलं आणि तीन दिवस किनाऱ्यासमोरून हललंच नाही. अमावास्येचं उधाण होतं. लागोपाठ पाच भरत्यांचं पाणी किनाऱ्यावर चढत राहिलं. असाटीगवरची बहुतेक घरं आणि तो रस्ता उद्ध्वस्त झाला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडून घराघरांत पाणी शिरलं, ते ज्यांनी पाहिलं त्यांना पाणी आपल्या वाटेने कसं येतं हे वेगळं सांगायला नको.

प्लॉटचा आग्रह मग मागे पडला. २१ सप्टेंबर १९६५ ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सही केलेल्या कायद्याने असाटीग 'नॅशनल सीशोअर', म्हणजे राष्ट्रीय पार्कासारखा राखलेला किनारा, झालं, आणि सरकारने प्लॉट विकत घेतले. काकूंच्या हॉटेलचं उत्तर मात्र याच्या पुढे आहे. त्या कायद्यात बेटावर लांब रस्ता आणि मुक्कामाच्या सोयी उभारण्याची तरतूद होतीच. नागरिकांनी समिती करून वर्षानुवर्षं विरोध केला, आणि १९७६ मध्ये ती तरतूद काढून टाकली गेली. मला हे त्या वादळाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आज बेटावर मेरीलँड राज्याचं पार्क आणि राष्ट्रीय पार्क शेजारी-शेजारी आहेत, दोन्हीकडे तंबू लावता येतो. राष्ट्रीय पार्कात गाड्या लावायच्या जागेवर डांबर नाही, चिकणमाती आणि शिंपल्यांचा चुरा आहे. वाहून गेला तरी किनाऱ्यावर कचरा होत नाही. न्हाणीघरंसुद्धा उचलून मागे नेता येतील अशी. डांबर पाहायचं तर वाळूच्या टेकड्यांमधल्या पायवाटेवर जायचं. तिथे बाल्टिमोर बुलेव्हार्डचे तुकडे अजून पडलेले आहेत.

बेटावरचे घोडे हा मुलांचा खरा आनंद. बुडालेल्या स्पॅनिश जहाजातून ते आले ही दंतकथा ऐकायला मिळते. सतराव्या शतकात शेतकऱ्यांनी कर आणि कुंपणाचा खर्च टाळण्यासाठी बेटावर सोडलेल्या जनावरांचे ते वंशज, हे जास्त पटणारं आहे. खारं गवत खाऊन ते पाणी फार पितात, म्हणून पोटं फुगलेली दिसतात. त्यांच्यापासून ४० फूट दूर राहायचं, खायला काही द्यायचं नाही. आमच्या शेजारच्या तंबूबाहेर राहिलेली ब्रेडची पिशवी एका घोडीने आमच्या डोळ्यांदेखत फाडली. तेव्हापासून आमचा चिवडासुद्धा गाडीत कुलूपबंद.

काकूंचा धाकटा मुलगा आता बाल्टिमोरला गेला आहे आणि पुढच्या मे महिन्यात त्या निघणार आहेत. वाळूसाठीच्या लांब खुंट्या घ्यायला मी त्यांना सांगितलं आहे. साध्या खुंट्या पहिल्या रात्रीच्या वाऱ्यातच उपटल्या जातात, आमच्या गेल्या होत्या.