लहान मुलांना घेऊन विमानतळावर जाता-येताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. आमची गाडीसेवा छोटी आहे आणि आमच्या बऱ्याचशा फेऱ्या विमानतळाच्याच असतात. घरात लहान मूल असलेल्या ग्राहकांसाठी हे पत्रक वेगळं काढलं, कारण बुकिंगच्या फोनवर एवढं सगळं सांगून होत नाही आणि निघायच्या दिवशी ते ऐकायची उसंत कोणालाच नसते. जमलं तर तिकीट काढल्याबरोबरच वाचून ठेवा.

किती आधी निघायचं

आई-बाबांचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो: "रस्त्याला किती वेळ लागेल?" तो अंदाज फोनवरचा नकाशाही देतो. पण मुलं बरोबर असली की वेळ रस्त्यात कमी आणि दारांशी जास्त जातो. घराच्या दारात बूट चढवताना, गाडीच्या दारात पट्टे लावताना, विमानतळाच्या दारात सामान उतरवताना. तिन्ही ठिकाणी दहा-दहा मिनिटं धरली तरी अर्धा तास झाला, आणि हा अर्धा तास कुठल्याच नकाशात दिसत नाही.

म्हणून आम्ही विमान सुटण्याच्या वेळेपासून उलटं मोजत येतो. देशांतर्गत विमानासाठी दोन तास आणि आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचा, असं विमान कंपन्या साधारणपणे सांगतात. सामान घेणारे काउंटर बहुतेक ठिकाणी विमान सुटण्याच्या ४५ ते ६० मिनिटं आधी बंद होतात आणि त्यानंतर विनवण्या करून उपयोग होत नाही. या दोन-तीन तासांत गर्दीच्या वेळेचा रस्ता मिळवा आणि त्यावर दारांचा अर्धा तास. दोन मुलं असतील तर पाऊण तास धरा. कुणाला हे फार वाटेल, पण आतमध्ये मुलाला थोडं हुंदडू देण्यात गेलेला वेळ वाया जात नाही. दमलेलं मूल विमानात लवकर झोपतं.

पहाटेचं विमान असेल तर मुलांना रात्री झोपवतानाच प्रवासाचे कपडे घाला. अंधारात, अर्धवट झोपेत कपडे बदलताना जी रडारड होते, तिथूनच पुढच्या सगळ्या घाईला सुरुवात होते.

मुलाची सीट

या विषयावर आम्ही थोडं जास्त बोलणार आहोत, कारण इथे आम्ही तडजोड करत नाही.

"विमानतळ काही फार लांब नाही, मांडीवर घेऊन बसते," असं आम्हाला अनेकदा ऐकावं लागतं. त्यामागची माया आम्हाला कळते. पण ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी धडकून क्षणात थांबली, तर मांडीवरचं बाळ त्याच वेगाने पुढे जात राहतं. दहा किलोच्या बाळाला त्या क्षणी धरून ठेवायचं तर दीडशे-दोनशे किलो वजन पेलण्याइतका जोर लागेल. तेवढी ताकद कोणाच्याच हातात नसते. मोठ्या माणसाच्या पट्ट्यात मुलालाही गुंडाळून घेणं तर त्याहून वाईट, कारण मोठ्यांचं सगळं वजन त्या पट्ट्यावर मुलाच्या अंगावर येतं.

तान्ह्या बाळाची सीट मागे तोंड करून लावतात. बाळाचं डोकं त्याच्या अंगाच्या मानाने फार जड असतं आणि मान अजून कोवळी असते. तोंड मागे असेल तर धक्का पाठ, मान आणि डोकं यांच्यावर एकसारखा विभागला जातो. पुढे तोंड असेल तर अंग पट्ट्यात अडकून राहतं, डोकं पुढे झेपावतं आणि सगळा ताण मानेवर येतो. आर १२९ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे किमान १५ महिन्यांपर्यंत मूल मागे तोंड करूनच बसलं पाहिजे. त्यानंतरही सीटवर लिहिलेल्या उंची-वजनाच्या मर्यादेत मूल बसत असेल, तर घाईने तोंड फिरवू नका. पाय मुडपले जातात म्हणून आई-बाबांना वाईट वाटतं, पण मुलांना त्याचं काही वाटत नाही, ती मजेत मांडी घालून बसतात. आणि एक गोष्ट कधीच करायची नाही: एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या आसनावर मागे तोंड असलेली सीट लावायची नाही. एअरबॅग फुगते ती थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच आदळते.

मोठ्या मुलांना बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक, लागतो. गाडीचा पट्टा गळ्यावर किंवा पोटावर न येता खांद्यावरून आणि मांडीच्या वरच्या भागावरून जावा, एवढंच त्याचं काम. तो किती उंचीपर्यंत वापरायचा याचा नियम देशागणिक वेगळा आहे. अनेक ठिकाणी ही मर्यादा १३५ किंवा १५० सेंटीमीटर आहे. म्हणून बुकिंग करताना आम्ही वयाबरोबर उंची आणि वजनही विचारतो. "चार वर्षांचा आहे" एवढ्यावरून योग्य सीट निवडता येत नाही.

सीट आमचा चालक बसवतो, पण मुलाचे पट्टे तुम्हीच लावा. मूल ओळखीच्या हाताला लवकर ऐकतं. जाड जाकीट आधी काढा. जाकिटावरून आवळलेला पट्टा घट्ट वाटतो, पण धक्का बसला की जाकीट दबतं आणि पट्टा सैल पडतो. थंडी असेल तर पट्टे लावून झाल्यावर जाकीट वरून पांघरा. खांद्यापाशी पट्टा बोटांच्या चिमटीत धरून बघा. चिमटीत घडी आली तर अजून आवळायला हवा.

तान्हं बाळ सीटमध्ये सलग दोन तासांहून जास्त ठेवू नका. अर्धवट बसलेल्या स्थितीत मान पुढे पडली की त्याचा श्वास अडू शकतो. उचलून नेता येणारी सीट असली की विमानतळावरही बाळाला तसंच तीत झोपवून ठेवायचा मोह होतो. आत पोहोचलात की त्याला बाहेर काढून आडवं करा किंवा कडेवर घ्या.

स्वतःची सीट विमानातून नेत असाल तर ती विमानात वापरायला मंजूर असल्याचा शिक्का तिच्यावर आहे का ते बघा. नुसता बूस्टर विमान उडताना आणि उतरताना वापरू देत नाहीत. सीट सामानात टाकणार असाल तर नीट गुंडाळा, कारण आदळआपट झाली तर आतला तडा बाहेरून दिसत नाही. आणि पलीकडच्या गावातल्या गाडीत मुलाची सीट मिळणार आहे का, हे इथून निघायच्या आधीच विचारून घ्या. तिकडे उतरल्यावर, दमलेल्या मुलाला घेऊन ती शोधत बसायची वेळ येऊ नये.

वाटेत

गाडी लागण्याचा त्रास साधारण २ ते १२ वर्षांच्या मुलांना जास्त होतो. कानाच्या आतल्या भागाला हालचाल जाणवत असते आणि डोळे मात्र स्थिर पडद्यावर असतात, या विसंगतीने मळमळतं. म्हणून वळणावळणाच्या रस्त्यावर फोन बाजूला ठेवून खिडकीतून लांबचं बघायला लावा. कपड्यांचा एक जोड मोठ्या बॅगेत नको, हाताशी ठेवा. थांबायचं असेल तर संकोच न करता सांगा. चालक सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घेईल.

विमानतळाच्या दारात

सगळ्या प्रवासात आम्हाला खरी काळजी या चार मिनिटांची वाटते. मागून गाड्या येत असतात, थांबायला वेळ थोडा असतो, तुमचं लक्ष सामान मोजण्यात असतं आणि मूल नवीन जागेच्या उत्साहात असतं. त्यासाठी आमचा एक साधा क्रम आहे. उतरताना सामान आधी आणि मुलं शेवटी. बसताना मुलं आधी आणि सामान शेवटी. म्हणजे डिकी उघडी असताना मुलं नेहमी गाडीत पट्ट्यात बसलेली असतात. एका मोठ्या माणसाने मुलांजवळ थांबायचं, दुसऱ्याने चालकाबरोबर सामान काढायचं आणि बाबागाडी उघडून तयार ठेवायची. मगच मुलांना बाहेर काढायचं, तेही पदपथाच्या बाजूच्या दारातून. मागच्या दारांचं चाइल्ड लॉक आम्ही लावलेलंच असतं, त्यामुळे दार आतून उघडलं नाही तर गोंधळू नका.

मुलांना घेऊन एकटेच जाणार असाल तर आधी कळवा. तुम्ही मुलांजवळ थांबा, सामान आमचा चालक ट्रॉलीवर लावून देईल. पाठीवर सॅक आणि तान्हं बाळ पोटाशी झोळीत असेल तर दोन्ही हात मोकळे राहतात. मुलाला सामानाच्या ट्रॉलीवर बसवू नका, आणि बाबागाडी सरकत्या जिन्यावर नेऊ नका, लिफ्ट शोधा.

घरून निघताना मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढून ठेवा. गर्दीत नजरेआड झालं तर "निळा शर्ट होता की हिरवा?" हे ऐन वेळी आठवत नाही. मनगटावर पेनाने तुमचा फोन नंबर लिहा. तपासणीत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव नेण्यावर २००६ पासून अनेक देशांत बंदी आली. काही विमानतळांनी नव्या यंत्रांमुळे ती सैल केली आहे. बाळाच्या दुधाला आणि औषधाला बहुतेक ठिकाणी सूट मिळते, पण ते पिशवीतून काढून वेगळं दाखवावं लागतं, म्हणून अगदी वर ठेवा.

गाडीऐवजी रेल्वे?

आम्ही गाडीवाले असलो तरी विचारलंत तर खरं तेच सांगू. विमानतळापर्यंत थेट रेल्वे असेल, दोन्ही टोकांना लिफ्ट असेल, सामान थोडं असेल आणि गर्दीची वेळ नसेल, तर रेल्वे चांगली. वेळेची खात्री असते आणि मुलांना हिंडता येतं. मध्ये गाडी बदलावी लागत असेल किंवा जिने असतील, तर मात्र दोन मुलं आणि तीन बॅगा घेऊन तो प्रवास फार दमवतो.

परत येताना

विमान खाली येऊ लागलं की बाहेरचा हवेचा दाब वाढतो आणि कानात दडा बसतो. मुलांची कानापासून घशापर्यंत जाणारी नळी अरुंद असते म्हणून त्यांना ते जास्त दुखतं. त्या वेळी बाळाला पाजा किंवा चोखणी द्या; मोठ्या मुलाला घोट घोट पाणी प्यायला द्या. गिळताना ती नळी उघडते.

गाडीची वेळ विमान उतरण्याच्या वेळेवर ठरवू नका. धावपट्टीवरून जागेवर येणं, उतरणं, पासपोर्ट, सामान, यात सहज एक तास जातो, आणि बाबागाडी कधीकधी मोठ्या सामानाच्या वेगळ्या जागी येते. आम्हाला विमानाचा क्रमांक द्या. विमानाला उशीर झाला तर आम्हाला इकडे कळतं. सामान हातात आलं, बाळाचा लंगोट बदलून झाला, मुलं शौचाला जाऊन आली की फोन करा. मग दाराचा क्रमांक सांगून तिथेच थांबा. तुम्ही आम्हाला शोधायला निघू नका, आम्ही तुमच्यापर्यंत येतो.

मूल खांद्यावर गाढ झोपलेलं असतं तेव्हा त्याला उठवून सीटमध्ये बसवणं जिवावर येतं, हे आम्ही रोज बघतो. तरीही बसवा. परतीच्या वाटेवर रात्र असते आणि रस्त्यावरचे बाकीचे चालकही दमलेले असतात. नातेवाईक न्यायला येणार असतील तर त्यांना एवढं नक्की सांगा, की उभ्या गाडीत मुलाला एकटं ठेवून आत जाऊ नका. उन्हात बंद गाडीचं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास वाढू शकतं, आणि मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं.

बुकिंग करताना काय सांगाल

माणसं किती, मुलांची वयं, उंची आणि वजन, विमानाचा क्रमांक, कोणतं टर्मिनल, मोठ्या बॅगा किती, आणि बाबागाडी आहे का. हे शेवटचं आवर्जून सांगा. एकदा आम्ही ते विचारायला विसरलो होतो. जुळ्यांची बाबागाडी डिकीत मावेना, आणि दुसरी गाडी येईपर्यंत त्या आईला दोन बाळांना घेऊन पहाटेच्या थंडीत दारात उभं राहावं लागलं. ते आमच्या मनाला लागून राहिलं. तेव्हापासून हा प्रश्न आमच्या यादीत सर्वांत वर आहे.

घरी पोहोचलात की उतरण्यापूर्वी सीटच्या फटीत आणि आसनाखाली एकदा हात फिरवून बघा. चोखणी, एक मोजा, लाडकी बाहुली तिथेच सापडते. तरी काही राहिलंच तर चालक पुढची फेरी घेण्याआधी गाडी तपासतो. बाहुली मिळाली की आम्ही तुम्हाला लगेच फोन करतो, मुलाची झोपायची वेळ होण्याआधी.