लकव्याचा पेशंट घरी आणताय? आधी हे वाचा

आमची पेशंट केअर ब्युरो छोटी आहे आणि आमच्याकडे येणाऱ्या फोनमध्ये पॅरालिसिसच्या पेशंटचे फोन बरेच असतात. फोनवर सगळं सांगणं होत नाही, आणि सांगितलं तरी त्या गडबडीत कोणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून हा कागद. फाइलमध्ये ठेवा. एक गोष्ट आधीच सांगतो, अशा पेशंटचं घरी जे नुकसान होतं ते दुर्लक्षापेक्षा मायेपोटी जास्त होतं. तोंड सुकलंय म्हणून कोणीतरी घोटभर पाणी पाजतं, उठवताना लुळा हात धरून ओढतं, बिचाऱ्याला त्रास नको म्हणून सगळं स्वतःच करून देतं. या तिन्ही गोष्टींबद्दल पुढे आहेच.

नेमकं काय होतं

आपल्याकडे म्हणतात अंगावरून वारं गेलं. खरी भानगड डोक्यात असते, हातापायात नाही. मेंदूला रक्त नेणाऱ्या नळीत गुठळी अडकते, नाहीतर नळी फुटून रक्तस्राव होतो, आणि तेवढ्या भागाचं काम बंद पडतं. बहुतेक अटॅक गुठळीचे असतात. मेंदूच्या डाव्या बाजूला झालं तर उजवं अंग जातं आणि उजव्या बाजूला झालं तर डावं.

गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे बघूनच. मोठी नळी बंद असेल तर काही पेशंटमध्ये कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून गुठळी काढतात, त्याला निवडक केसमध्ये २४ तासांपर्यंत वेळ मिळू शकतो, पण त्या भरवशावर बसू नका. तोंड वाकडं झालं, एक हात वर धरला की खाली पडतो, बोलणं अडखळतंय किंवा अचानक एका बाजूचं दिसेना, तोल जायला लागला, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा आणि जिथे सीटी स्कॅन रात्रंदिवस चालू असतो अशाच हॉस्पिटलला न्या. आधी फॅमिली डॉक्टरला दाखवू, सकाळपर्यंत बघू, असं करता करता वेळ जातो. आणि डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील की शेवटचं नीट कधी पाहिलं होतं. सकाळी उठल्यावर लक्षात आलं असेल तर "रात्री ११ ला झोपताना व्यवस्थित बोलले होते" हे सांगा, वेळ तिथून मोजतात.

तोपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, पाणी नाही, बीपीची जादा गोळी नाही, ॲस्पिरिन तर अजिबात नाही कारण रक्तस्राव असेल तर ती उलटेल. कबुतराचं रक्त चोळणारे, अमुक गावात लकव्यावर औषध मिळतं म्हणून गाडी काढणारे अजून आहेत. श्रद्धेबद्दल आम्ही बोलत नाही, पण ते पहिले तास परत मिळत नाहीत. आणि दहा मिनिटांत हात आपोआप चालायला लागला तरी हॉस्पिटलला जायचंच, कारण असा छोटा झटका बऱ्याचदा मोठ्याची सूचना असतो आणि पुढच्या दोन दिवसांत धोका सगळ्यात जास्त असतो.

गिळणं, सगळ्यात नाजूक विषय

घशाच्या स्नायूंवर परिणाम झालेला असतो, म्हणून घास किंवा पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. लोकांना वाटतं पातळ ते सोपं, पण अशा पेशंटला गिळायला साधं पाणीच सगळ्यात अवघड, कारण ते घशातून झर्रकन निघून जातं. डॉक्टरांनी किंवा स्पीच थेरपिस्टनी तोंडाने द्या म्हटल्याशिवाय एक चमचाही देऊ नका, तीर्थसुद्धा नाही. परवानगी मिळाली की सरळ बसवून, हनुवटी थोडी छातीकडे, छोटा चमचा, त्यांनी सांगितलं तेवढंच दाट. एक घास गिळला याची खात्री झाल्यावरच दुसरा. टीव्ही बंद ठेवा. जेवण झाल्यावर लुळ्या बाजूच्या गालात बोट किंवा ओला गॉज फिरवून बघा, तिथे भाताची शितं अडकून बसलेली सापडतात आणि पेशंटला पत्ताही नसतो. जेवताना खोकला आला, आवाज घोगरा ओला झाला, किंवा नंतर ताप यायला लागला तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा. खोकला येत नाही म्हणजे सगळं ठीक असंही नसतं, काही जणांच्या श्वासनलिकेत चुपचाप जातं.

नाकातून नळी असेल तर फीड, म्हणजे नळीतून द्यायचं पातळ अन्न, देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर पाहिजे आणि नंतर किमान अर्धा तास तसंच बसवायचं. नळीवर नाकपुडीपाशी खूण असते ती रोज बघा, सरकलेली दिसली तर फीड देऊ नका. फीड गाळून घ्या, सिरिंज उंच धरून आपोआप जाऊ द्या, दट्ट्या दाबून ढकलू नका, शेवटी पाणी घालून नळी धुवा. नळी निघून आली तर घरात कोणीही परत घालायची नाही, आमची अटेंडंट मावशीही घालणार नाही, त्यासाठी शिकलेली नर्स बोलवावी लागते. आणि तोंडाने खात नाहीत म्हणून तोंड धुवायचं राहून जातं, तसं नको, दिवसातून दोन-तीनदा तोंड पुसा, दात घासा.

खांदा आणि पाठ

लुळ्या बाजूचा खांदा नुसत्या हाताच्या वजनाने खाली उतरतो. त्यात उठवताना हात धरून ओढला किंवा काखेत हात घालून उचललं की खांदा कायमचा दुखायला लागतो, मग पेशंट व्यायामच करू देत नाही आणि सगळं अडतं. कंबरेला धरा, फिजिओने बेल्ट दिला असेल तर तो वापरा. बसवलं की हात उशीवर ठेवा, लोंबकळत ठेवू नका. खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला लावा, म्हणजे उतरताना त्याचा त्याला जोर देता येतो. सदरा घालताना लुळा हात आधी, काढताना लुळा हात शेवटी, एवढं जमलं तरी रोजची अर्धी झटापट कमी होते.

दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. एअर बेड घेतला म्हणजे कूस बदलायला नको असं दुकानदार सांगतो ते खरं नाही. माकडहाड, टाचा, कंबरेची हाडं रोज उजेडात बघा, लाल झालेलं बोटाने दाबल्यावर पांढरं होत नसेल तर जखमेची सुरुवात समजा. तिथे चोळायचं नाही, पावडरचे थर द्यायचे नाहीत. वर सरकवताना खालच्या चादरीवरून ओढत नेलं की कातडी सोलते, म्हणून कमरेखाली जुन्या सुती साडीची घडी ठेवा आणि दोघांनी दोन बाजूंनी ती उचलून सरकवा. गरम पाण्याची पिशवी नकोच, त्या अंगाला चटका कळत नाही. पोटरी सुजली, गरम लागली तर तेल लावून मसाज अजिबात नाही, आधी डॉक्टर.

बोलणं आणि मन

डाव्या मेंदूला लागलेल्या काही पेशंटना शब्द सापडत नाहीत. स्वतःच्या मुलीचं नाव सांगता येत नाही पण बेचा पाढा किंवा आरती सलग म्हणतात, हे नाटक नाही, पाठांतर मेंदूत वेगळ्या वाटेने येतं. हो-नाही उत्तर येईल असं विचारा, थांबा, वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. बहिऱ्याशी बोलल्यासारखं ओरडू नका.

उजव्या मेंदूला लागलं तर काही जणांना डावी बाजू असल्याचंच भान राहत नाही. ताटात उजवीकडची भाजी-पोळी संपते आणि डावीकडची चटणी, कोशिंबीर तशीच राहते, सून म्हणते आवडली नाही वाटतं. ताट फिरवून द्या, आणि गप्पा मारायला मुद्दाम डाव्या बाजूला बसा.

उगाच रडू येणं किंवा हसू येणं हाही आजाराचा भाग असू शकतो. साधारण तीनपैकी एका पेशंटला डिप्रेशन येतं, त्याला औषध आहे, "आता काय, वयच झालं" म्हणून सोडून देऊ नका. सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत जास्त वेगाने होते, नंतर हळूहळू पण होते, म्हणून दाढीचा ब्रश, चमचा, कंगवा त्यांच्याच हातात द्या, सांडू द्या. गोळ्या चांगलं वाटलं म्हणून बंद करायच्या नाहीत, विशेषतः बीपीच्या आणि रक्त पातळ करायच्या. लोणचं, पापड, तंबाखू, मशेरी यावर काय सांगायचं ते डॉक्टर सांगतीलच.

आमच्या माणसांबद्दल

अटेंडंट मावशी किंवा ब्रदर (पुरुष अटेंडंट) स्पंजिंग, डायपर, कूस बदलणं, नळीचं फीड, फिजिओने दाखवलेले व्यायाम करून घेतील. इंजेक्शन, नळी किंवा लघवीचं कॅथेटर घालणं, जखमेचं ड्रेसिंग याला शिकलेली नर्स लागते, तिचे पैसे वेगळे. लघवीची बॅग नेहमी कंबरेच्या खाली असावी, जमिनीला टेकलेली नसावी, हे मात्र घरातल्यांनीही बघावं. घरातल्या सगळ्यांचा स्वयंपाक आणि धुणीभांडी मावशींकडून अपेक्षित नाहीत, यावरूनच सगळ्यात जास्त वाद होतात म्हणून लिहून ठेवलं. २४ तासांची ड्युटी म्हणजे २४ तास जागं राहणं नाही, रात्री सारखं उठावं लागत असेल तर १२-१२ तासांच्या दोन घ्या.

फोन करताना डिस्चार्ज कार्ड समोर ठेवा आणि पेशंटचं अंदाजे वजन, कोणती बाजू गेली, नळी आणि कॅथेटर आहे का आणि ते कधी घातलेत, घर कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, एवढं सांगा. डिस्चार्जच्या निदान एक दिवस आधी फोन केलात तर आमचा माणूस हॉस्पिटलमध्येच येऊन नर्सकडून सगळं समजून घेतो, रात्री ९ ला पेशंट घरी आणून मग फोन केला की आमच्याही हातात फारसं राहत नाही.