मुका मार आणि पोटाची फाटलेली भिंत

सायकलवरून पडताना हँडलचं टोक पोटात रुततं. कातडीवर उमटतो फक्त नाण्याएवढा गोल वळ. रक्ताचा थेंबही नाही. पण खोकलं की तिथेच मऊ फुगवटा वर येतो आणि उताणं झोपल्यावर आत जातो. कातडी लवचीक असल्यानं ताण सोसते. खालचे स्नायू आणि त्यांच्यावरचं चिवट आवरण मात्र फाटतं आणि आतडं थेट कातडीखाली येतं. मुक्या मारानं होणारा हा हर्निया विरळाच, त्यामुळे तो साकळलेल्या रक्ताची गाठ समजला जातो. ती 'गाठ' रिकामी करायला सुई खुपसली तर आतडंच भोसकलं जाईल.

हँडलनं पोटाच्या छोट्या भागावर मार बसतो. मोटारीच्या अपघातातला हर्निया वेगळा, कारण भिंत फाडण्याएवढा जोर आतही पोचलेला असतो. सीटबेल्टचा आडवा पट्टा कमरेच्या हाडांवर बसायला हवा. तो पोटावर सरकला, तर धडकेच्या क्षणी आतडं पट्टा आणि कणा यांच्यात चेंगरतं. कधी ते फुटतं. कधी त्याला रक्त पुरवणारा पडदा, मेसेंटरी, आतड्यापासून सुटतो. आतडं बादलीच्या कडीसारखं लोंबतं, सुरुवातीला धड दिसतं आणि मग रक्ताअभावी सडतं. पोटावर पट्ट्याचा आडवा वळ आणि कमरेचा मणका मोडलेला, अशी जोडी दिसली की आतड्याला इजा आहे असं धरूनच तपासावं.

सोनोग्राफीत पोटात साचलेलं रक्त दिसतं, तेही साधारण २०० मिलीच्या वर असेल तर. फुटलेलं आतडं तिला सहसा सापडत नाही. म्हणून रक्तदाब स्थिर असेल तर शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन करतात. यकृत, प्लीहा शाबूत आणि तरीही पोटात पाणी, तर संशय आतड्यावर जातो. पहिल्या काही तासांत सीटीही फसवतो. त्यामुळे २४ तास पोट पुन्हापुन्हा, शक्यतो एकाच डॉक्टरनं, हात लावून तपासायचं. नाडी वाढत जाणं, पोट फळीसारखं कडक होणं, ताप, उलट्या ही धोक्याची चिन्हं.

शस्त्रक्रियेत आधी रक्तस्राव थांबवतात, मग आतडं दुरुस्त करतात. भिंतीचा नंबर शेवटी. आतड्यातली घाण सांडली असेल तर कृत्रिम जाळी बसवणं महागात पडतं, कारण तिच्यात जंतू ठाण मांडतात. ठेचलेल्या स्नायूत टाकेही धरत नाहीत, कापत जातात. अशा वेळी काही महिने थांबलेलं बरं. मुलांमधलं हँडलचं छोटं भोक मात्र बहुधा थरावर थर शिवून लगेच बुजवता येतं. सगळ्यांत चिवट दुखणं म्हणजे कमरेच्या हाडापासून उखडलेला स्नायू: टाका घ्यायला तिथे पलीकडची कडाच उरलेली नसते, म्हणून हाडात बारीक खिळे रोवून त्यांच्या दोऱ्यांनी तो बांधावा लागतो.