‘भिऊ नको’ बायबलमध्ये ३६५ वेळा आहे का?

‘वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक, असे ३६५ वेळा बायबल “भिऊ नको” म्हणते’ हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. चिंतेत असलेल्याला तो धीर देतो, म्हणून प्रेमाने पुढे पाठवला जातो. आकडा मात्र चुकीचा आहे.

स्वतः मोजा. बायबलच्या अ‍ॅपमध्ये ‘भिऊ नको’, ‘भिऊ नका’, ‘घाबरू नको’, ‘घाबरू नका’ असे वेगवेगळे शोधा. एकच वचन दोनदा धरू नका. भाषांतरानुसार बेरीज बदलते, पण ३६५ च्या बरीच खाली राहते.

आता प्रत्येक वचन कोण बोलतो ते पाहा. खरा मुद्दा इथेच आहे. शास्ते ४:१८ मध्ये (बायबलमधील शास्ते या पुस्तकाचा अध्याय ४, वचन १८) याएल ही स्त्री शत्रूचा सेनापती सीसरा याला ‘भिऊ नको’ म्हणून तंबूत बोलावते आणि पुढे त्याला ठार मारते. २ शमुवेल १३:२८ मध्ये दावीद राजाचा मुलगा अबशालोम हेच शब्द खून करायला निघालेल्या चाकरांना सांगतो. ही देवाची अभिवचने नव्हेत.

चिंतेसाठी यशया ४१:१० किंवा फिलिप्पै ४:६-७ संदर्भासह वाचा. फिलिप्पैमध्ये तर कृतीच दिली आहे: प्रार्थना, विनंती आणि त्यासोबत आभार. नेमकी कशाची काळजी आहे ते एका वाक्यात देवाला सांगा. झोप, भूक किंवा काम बिघडू लागले असेल तर डॉक्टरांनाही भेटा. त्याने विश्वास कमी ठरत नाही.