दुर्बिणीने पित्ताशय काढताना धोका कुठे असतो? : पार्श्वभूमी

पित्ताची पिशवी शस्त्रक्रियेने पहिल्यांदा काढली ती बर्लिनमध्ये, कार्ल लांगेनबुख यांनी, १८८२ मध्ये. पुढची शंभर वर्षे पोट उघडूनच हे काम चालले. १९८५ मध्ये जर्मनीतल्याच एरिश म्यूहे यांनी ती दुर्बिणीतून काढली, तेव्हा तिथल्या सर्जन मंडळींनी नाके मुरडली. भारतात ही शस्त्रक्रिया १९९० मध्ये मुंबईत डॉ. टेहेमटन उडवाडिया यांनी आणली.

तंत्र पसरले झपाट्याने, प्रशिक्षण मागे राहिले. उघड्या शस्त्रक्रियेत यकृतातून आतड्याकडे पित्त नेणाऱ्या मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण हजारी एक-दोन होते. दुर्बिणीच्या सुरुवातीच्या काळात ते चार-पाचपर्यंत गेले. कारण साधे आहे. पिशवीचा गळा चिमट्यात धरून वर ओढला, की मुख्य नलिका तिच्या रेषेत येते आणि पिशवीचीच नळी वाटते. क्लिप लागते, कात्री चालते. अशा २५२ इजांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ९७ टक्के प्रकरणांत मूळ दृष्टिभ्रमात सापडले.

ही इजा टाळण्यासाठी अमेरिकेतले सर्जन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्येच पक्का नियम घालून दिला होता. पिशवीची नळी, मुख्य नलिका आणि यकृत यांच्यामधल्या त्रिकोणातली चरबी आणि तंतू पूर्ण साफ करायचे, पिशवीचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सोडवायचा, आणि पिशवीत शिरणाऱ्या दोनच गोष्टी दिसल्या पाहिजेत: एक नळी, एक रक्तवाहिनी. तोवर काहीही कापायचे नाही. सूज फार असेल तर पिशवीचा काही भाग मागे ठेवावा किंवा सरळ पोट उघडावे. नातेवाइकांना ते अपयश वाटते. खरे तर तो शहाणपणाचा निर्णय असतो.

मराठवाड्यात अडचण आधीच सुरू होते. पित्ताच्या खड्यांचे दुखणे महिनोन्‌महिने 'ॲसिडिटी' म्हणून गोळ्यांवर काढले जाते, मग 'सोयाबीन निघू द्या, नंतर बघू'. दर झटक्यागणिक आतले भाग एकमेकांना चिकटत जातात आणि तो त्रिकोण ओळखू येत नाही.

घरी गेल्यावरचे दिवसही महत्त्वाचे. खांदा दुखतो तो पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. दोन-तीन दिवसांत थांबतो. मात्र पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढली, पोट फुगले, ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर पित्त गळते आहे किंवा नलिकेत खडा राहिला आहे असे समजून त्याच दिवशी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करावी. पुढे ईआरसीपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेवर केले जाणारे उपचार, लागू शकते. ती सोय तालुक्याला सहसा नसते, म्हणून छत्रपती संभाजीनगर, लातूर की नांदेड, हे शस्त्रक्रियेआधीच विचारून ठेवावे.

तीन-चार आठवड्यांनी बेंबीजवळच्या छिद्रात गाठ आली, पाणी झिरपू लागले आणि नेहमीच्या अँटिबायोटिकने बरे वाटले नाही, तर क्षयाच्या जातकुळीतल्या जंतूंचा संशय घ्यावा. जंतुनाशक द्रावणात बुडवलेली हत्यारे नळाच्या पाण्याने धुतली, की हे जंतू आत शिरतात. नुसती मलमपट्टी न करता पू तपासणीला पाठवावा. औषधे काही महिने चालतात.